दुसऱ्याच्या जिवावर केलेल्या तडजोडी

अमेरिकेत गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिण यांच्यात १८६१ ते १८६५ या काळात झालेले यादवी युद्ध टाळता आले असते का, हा प्रश्न दीडशे वर्षे उलटून गेल्यावरही तिथल्या राजकारणात पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये व्हाइट हाउसचे तेव्हाचे चीफ ऑफ स्टाफ जॉन केली यांनी एका मुलाखतीत सांगितले की, तडजोड करण्याची क्षमता नसल्यामुळे ते युद्ध झाले. जानेवारी २०२४ मध्ये आयोवातील एका प्रचारसभेत डोनाल्ड ट्रम्प यांनीही वाटाघाटींतून ते प्रकरण मिटवता आले असते, असे मत मांडले. वरवर पाहता या म्हणण्यात शहाणपण आहे असे वाटते. जुन्या हिशेबाने सुमारे ६ लाख २० हजार आणि नव्या अंदाजांनुसार त्याहूनही बरेच अधिक सैनिक ज्या युद्धात मेले, ते चार शहाण्या माणसांनी एकत्र बसून टाळले असते तर बरे झाले असते, असे कोणाला वाटणार नाही?

पण इतिहास या म्हणण्याच्या नेमका उलट आहे. १७८७ पासून १८६१ पर्यंतच्या चौऱ्याहत्तर वर्षांत अमेरिकेच्या राजकारणात गुलामगिरीच्या प्रश्नावर तडजोडींची कधीच वाण नव्हती. हेन्री क्लेसारख्या मुत्सद्द्याची तर सारी कीर्ती तडजोडी घडवून आणण्यावरच उभी आहे. उत्तरेचे आणि दक्षिणेचे गोरे पुढारी दर वेळी एकमेकांना काहीतरी देत आणि एकमेकांकडून काहीतरी घेत राहिले. मात्र जे दिले जात होते ते देणाऱ्याच्या पदरचे नव्हतेच. किंमत मोजणारे लाखो लोक त्या टेबलाशी कधी बसलेच नव्हते. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा हा प्रकार होता, आणि माझे म्हणणे असे आहे की युद्ध ओढवले ते तडजोडीच्या अभावाने नव्हे, तर या जातीच्या तडजोडींनी गुलामांच्या मालकांना दर खेपेस अधिक बळ दिल्यामुळे.

सुरुवात राज्यघटनेपासूनच करावी लागते. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटनासमिती बसली तेव्हा दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जिया यांच्या प्रतिनिधींनी स्पष्ट धमकी दिली की, गुलामांच्या व्यापाराला हात लावलात तर आम्ही संघराज्यात येणार नाही. त्या उन्हाळ्यातल्या अशा सौद्यांतून तीन कलमे निघाली. आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर १८०८ पूर्वी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, बंदी घालता येणार नाही. एका राज्यातून पळून दुसऱ्या राज्यात गेलेला गुलाम त्याच्या मालकाला परत करावा लागेल. आणि प्रतिनिधिगृहातील जागा ठरवण्यासाठी लोकसंख्या मोजताना गुलामांची तीन-पंचमांश संख्या धरली जाईल. या तिसऱ्या कलमाकडे बारकाईने पाहायला हवे, कारण पुढच्या साऱ्या तडजोडींची किल्ली त्यात आहे. गुलामाला मत नव्हते, मालमत्ता नव्हती, न्यायालयात गोऱ्या माणसाविरुद्ध साक्ष देण्याचा हक्क नव्हता. पण त्याच्या नुसत्या अस्तित्वाने त्याच्या मालकाच्या राज्याला जास्त खासदार मिळत होते, आणि अध्यक्ष निवडणाऱ्या मतदारमंडळातील मते खासदारांच्या संख्येवर ठरत असल्यामुळे अध्यक्षपदावरही त्या राज्याची पकड घट्ट होत होती.

पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी गव्हर्नर मॉरिस (गव्हर्नर हे त्यांचे नाव, पद नव्हे) यांनी हे तिथेच, ऑगस्ट महिन्यात, बोलून दाखवले होते. जो माणूस आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाऊन माणसांना त्यांच्या आप्तांपासून तोडून आणतो आणि गुलाम करतो, त्याला मानवी हक्कांच्या रक्षणासाठी स्थापन होणाऱ्या सरकारात त्या व्यवहाराचा तिटकारा असणाऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या नागरिकापेक्षा जास्त मते मिळणार आहेत, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. आज आपल्याला जे दिसते ते त्या काळच्या लोकांना दिसत नव्हते, हा बचाव या भाषणापुढे टिकत नाही. दिसत होते, सांगितले गेले होते, आणि तरीही कलम मंजूर झाले. परिणाम पाहायला फार थांबावे लागले नाही. १८०० च्या निवडणुकीत थॉमस जेफरसन यांनी जॉन ॲडम्स यांचा मतदारमंडळात ७३ विरुद्ध ६५ मतांनी पराभव केला. गुलामांच्या संख्येने मिळालेली जादा मते वजा केली तर ॲडम्स जिंकले असते. १८६१ मध्ये अध्यक्ष झालेल्या लिंकनच्या आधीच्या ७२ वर्षांपैकी जवळजवळ ५० वर्षे अध्यक्षपदी असलेला माणूस स्वतः गुलामांचा मालक होता. ज्या तडजोडीने एका पक्षाला पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत वरचढ हात मिळतो, ती त्या वादाचा निकाल लावत नाही. ती फक्त पुढच्या वाटाघाटीची जागा एका बाजूला कलती करून ठेवते.

या तडजोडी करणाऱ्यांपैकी पुष्कळांची प्रामाणिक समजूत अशी होती की गुलामगिरी आपोआप मावळेल. १७९३ मध्ये एली व्हिटनीने कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र काढले आणि ती समजूत मोडीत निघाली. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ते ३९ लाखांच्या वर गेले. त्या वर्षी देशाच्या निर्यातीच्या निम्म्याहून अधिक मूल्य एकट्या कापसाचे होते, आणि गुलाम म्हणून बाळगलेल्या माणसांची बाजारातली किंमत देशातल्या रेल्वे आणि कारखाने यांतल्या एकत्रित भांडवलापेक्षा जास्त होती. (याच कापसाची वाट युद्धाने अडली तेव्हा लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाकडे वळल्या, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच ती सारी सट्टेबाजी कोसळली; त्या घडामोडीचे एक टोक आपल्या दारापर्यंत पोचलेले आहे.) एवढा पैसा ज्यात गुंतला आहे ती व्यवस्था कोणी नुसती वाट पाहिल्याने मावळत नसते.

१८२० ची मिसूरी तडजोड याच वाढीतून आली. आधीच्या वर्षी न्यूयॉर्कचे खासदार जेम्स टॉलमज यांनी मिसूरीला राज्याचा दर्जा देताना तिथली गुलामगिरी हळूहळू संपवण्याची अट सुचवली होती. त्यानुसार कोणाही मालकाचा तिथे आधीपासून असलेला गुलाम लगेच मुक्त होणार नव्हता. एवढी सौम्य सूचनाही दक्षिणेने मानली नाही. शेवटी मिसूरी गुलामगिरीचे राज्य, मेन गुलामगिरीमुक्त राज्य, आणि लुइझियाना खरेदीतून, म्हणजे फ्रान्सकडून विकत घेतलेल्या, उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरी नाही, असे ठरले. मिसूरीवरची अट प्रतिनिधिगृहात ९० विरुद्ध ८७ अशा केवळ तीन मतांनी गळली, आणि ती गाळणाऱ्यांत उत्तरेचे खासदारही होते. म्हाताऱ्या जेफरसनना ही बातमी रात्री वाजणाऱ्या आगीच्या घंटेसारखी वाटली आणि तसे त्यांनी पत्रात लिहूनही ठेवले. पण त्याच पत्रात त्यांनी गुलामगिरीची तुलना कानाला धरलेल्या लांडग्याशी केली, जो धरून ठेवणेही कठीण आणि सोडणेही धोक्याचे. लांडगा म्हणून ज्यांची उपमा दिली ती माणसे त्यांच्याच शेतावर राबत होती, हे त्या पत्राविषयी बोलताना सहसा सांगितले जात नाही.

त्यानंतर १८३६ ते १८४४ या काळात तर गुलामगिरीविरोधी अर्जांवर चर्चाच करायची नाही, असा नियम प्रतिनिधिगृहाने केला. शांतता राखण्यासाठी नागरिकांचा अर्ज करण्याचा हक्कच बाजूला ठेवला गेला, आणि माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स साधे खासदार म्हणून आठ वर्षे त्याविरुद्ध झुंजत राहिले.

मात्र तडजोडीचे खरे रूप उघडे पडले ते १८५० मध्ये. मेक्सिकोशी झालेल्या युद्धात जिंकलेल्या अफाट मुलखाचे काय करायचे, हा प्रश्न होता. क्ले यांचे एकत्रित विधेयक फसल्यावर इलिनॉयचे सिनेटर स्टीफन डग्लस यांनी त्याचे तुकडे करून एकेक तुकडा वेगवेगळ्या बहुमताने मंजूर करून घेतला. कॅलिफोर्निया गुलामगिरीमुक्त राज्य झाले, राजधानी वॉशिंग्टनमधला गुलामांचा व्यापार बंद झाला, आणि त्या बदल्यात दक्षिणेला पळालेल्या गुलामांना पकडण्याचा नवा, कडक केंद्रीय कायदा मिळाला. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर डॅनियल वेबस्टर यांनी ७ मार्चच्या भाषणात संघराज्याच्या ऐक्याखातर त्याचे समर्थन केले.

या कायद्यातली एकच तरतूद पाहिली तरी पुरे. पकडलेला माणूस खरोखर पळालेला गुलाम आहे की स्वतंत्र नागरिक, याचा निर्णय एक आयुक्त करी. ज्यूरी नाही, पकडलेल्याला स्वतःची साक्ष देण्याची मुभा नाही. आयुक्ताने त्याला मालकाच्या ताब्यात दिले तर आयुक्ताला १० डॉलर फी. मुक्त केले तर ५ डॉलर. कागदपत्रांचे काम जास्त पडते, असे त्याचे कारण सांगितले जाई. पाच डॉलरच्या या फरकात त्या तडजोडीचे सगळे गणित आहे. शिवाय कोणाही नागरिकाला पाठलागात मदतीला बोलावता येत होते, आणि पळालेल्याला आसरा देणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद होती. म्हणजे आजवर जो अन्याय उत्तरेच्या माणसाला डोळ्याआड ठेवता येत होता, तो त्याच्या उंबरठ्यावर आणून त्यात त्यालाच हातभार लावायला सांगितले गेले.

२४ मे १८५४ रोजी बॉस्टनमध्ये अँथनी बर्न्स नावाच्या तरुणाला या कायद्याखाली पकडण्यात आले. तो काही महिन्यांपूर्वी व्हर्जिनियातून पळून आला होता आणि कपड्यांच्या दुकानात काम करीत होता. त्याला सोडवण्यासाठी जमावाने न्यायालयावर हल्ला केला, त्यात एक पहारेकरी मारला गेला. आयुक्ताने निकाल मालकाच्या बाजूने दिला. २ जूनला सैनिकांच्या कड्यातून बर्न्सला बंदरावर नेण्यात आले तेव्हा रस्त्यांच्या दुतर्फा हजारो माणसे उभी होती, इमारतींवर काळी कापडे सोडली होती आणि वरून एक शवपेटी टांगली होती. एका माणसाला परत गुलामीत पाठवण्यासाठी फौज लागली. कापडगिरण्यांचे धनाढ्य मालक एमस लॉरेन्स यांनी लिहिले की, आम्ही रात्री झोपलो तेव्हा जुन्या वळणाचे तडजोडवादी होतो आणि सकाळी उठलो ते कट्टर गुलामगिरीविरोधक होऊन. ज्यांचा धंदाच दक्षिणेच्या कापसावर चालत होता त्यांची ही अवस्था झाली. पुढच्या वर्षी बॉस्टनच्या कृष्णवर्णीय समाजाच्या पुढाकाराने १३०० डॉलर भरून बर्न्सला विकत घेऊन मुक्त करण्यात आले.

बर्न्स कोठडीत होता त्याच आठवड्यात, ३० मे रोजी, अध्यक्ष फ्रँकलिन पियर्स यांनी कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही केली. १८२० ची ती अक्षांशाची रेषा या कायद्याने पुसली आणि त्या मुलखात गुलामगिरी असावी की नसावी हे तिथल्या वसाहतकऱ्यांनी ठरवावे, असे सांगितले. ज्या तडजोडीतून दक्षिणेला मिसूरी मिळाले होते, त्याच तडजोडीत उत्तरेला मिळालेला भाग चौतीस वर्षांनी काढून घेण्यात आला. कॅन्ससमध्ये माणसे मारली जाऊ लागली. मे १८५६ मध्ये गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनर यांना सिनेटच्या सभागृहातच एका दक्षिणी खासदाराने काठीने रक्तबंबाळ केले. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्यात सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी जाहीर केले की काँग्रेसला कोणत्याही नव्या प्रदेशात गुलामगिरीवर बंदी घालण्याचा अधिकारच नव्हता, आणि कृष्णवर्णीयांना गोऱ्या माणसाने मानावेत असे कोणतेही हक्क घटनाकारांच्या दृष्टीने नव्हते. तडजोडीतून जे मिळाले ते ठेवायचे आणि जे दिले ते न्यायालयाकडून रद्द करून घ्यायचे, असा हा क्रम होता. मग तडजोड करण्याची तयारी कोणी सोडली, हा प्रश्न लिंकनला विचारायचा की टॅनींना?

लिंकनचे नाव आले म्हणून हेही सांगायला हवे की तो टोकाचा माणूस नव्हता. दक्षिणेतल्या अस्तित्वात असलेल्या गुलामगिरीला हात लावणार नाही, हे त्याने वारंवार सांगितले होते. मार्च १८६१ मध्ये काँग्रेसने अशी घटनादुरुस्ती दोन-तृतीयांश बहुमताने मंजूर केली की, राज्यांतील गुलामगिरीत ढवळाढवळ करण्याचा अधिकार केंद्राला कधीही देता येणार नाही, आणि लिंकनने शपथविधीच्या भाषणात तिला आपली हरकत नसल्याचे सांगितले. मला हे वाचताना आजही वाईट वाटते, पण युद्ध हटवादीपणामुळे झाले म्हणणाऱ्यांनी हे पान वाचलेच पाहिजे. तोवर लिंकन निवडून आल्यामुळे दक्षिणेतली सात राज्ये संघराज्यातून फुटून निघाली होती, आणि माणसांना कायमचे गुलाम ठेवण्याची घटनात्मक हमीही त्यांना परत आणू शकली नाही. लिंकन अडून बसला तो एकाच मुद्द्यावर: गुलामगिरीचा नव्या प्रदेशात विस्तार नाही. केंटकीचे सिनेटर जॉन क्रिटेंडन यांनी जुनी रेषा थेट पॅसिफिकपर्यंत नेण्याची आणि पुढे मिळणाऱ्या मुलखालाही ती लागू करण्याची योजना डिसेंबर १८६० मध्ये मांडली. त्याच सुमारास लिंकनने सिनेटर ट्रंबुल यांना लिहिले होते की, विस्ताराच्या प्रश्नावर तडजोड होऊ देऊ नका. झाली तर आपले सारे श्रम वाया जातील आणि लवकरच पुन्हा करावे लागतील. चौऱ्याहत्तर वर्षांच्या अनुभवातून निघालेला याहून साधा निष्कर्ष कोणता असू शकतो?

तडजोडींच्या बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद वेळेचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. १८५० मध्येच युद्ध पेटले असते तर उत्तर कदाचित हरली असती. पुढच्या दहा वर्षांत देशातले लोहमार्ग सुमारे ९,००० मैलांवरून ३०,००० मैलांवर गेले, त्यांतले बहुतेक उत्तरेत होते, आणि त्या बळावर युद्ध जिंकले गेले. हे खरे आहे. पण १८५० च्या पुढाऱ्यांनी वेळ मिळवण्यासाठी ती तडजोड केली नव्हती. अध्यक्ष फिलमोर यांनी तिला अंतिम निवाडा म्हटले होते. नकळत झालेल्या फायद्याचे श्रेय दूरदृष्टीला देता येत नाही. आणि हा वेळ कोणाच्या खात्यातून खर्च झाला? १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख माणसे व्हर्जिनिया-मेरीलँडकडच्या जुन्या राज्यांतून खोल दक्षिणेच्या कापसाच्या मळ्यांकडे नेली गेली, त्यांतली पुष्कळशी विकून, आणि अगणित कुटुंबांतली नवरा-बायको, आई-मुले कायमची दुरावली. संघराज्य आणखी दहा वर्षे टिकले असे जेव्हा आपण लिहितो तेव्हा त्या दहा वर्षांत लिलावाच्या चौथऱ्यावर उभ्या राहिलेल्या बाईच्या बाजूनेही ते वाक्य वाचून पाहायला हवे. १७८७ बद्दल तर माझे मत याहून कडक आहे. जॉर्जिया दुबळे होते, सीमेवर स्पेनचा आणि क्रीक या मूलनिवासी लोकांचा धाक होता, त्याला संघराज्याची गरज संघराज्याला असलेल्या त्याच्या गरजेपेक्षा जास्त होती. ती धमकी कोणी पारखूनच पाहिली नाही.

प्रत्येक तडजोड वाईट असते, असे यातून निघत नाही. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ मध्ये आपल्या वसाहतींतील गुलामगिरी संपवली तीही तडजोडीनेच: मालकांना २ कोटी पौंड नुकसानभरपाई दिली, गुलामांना एक कवडीही दिली नाही, आणि शिकाऊ उमेदवारीच्या नावाखाली त्यांना १८३८ पर्यंत राबवले. हा अन्यायच होता. पण त्या व्यवहाराची दिशा गुलामगिरी संपवण्याकडे होती आणि तिला तारीख होती. अमेरिकेत लिंकनने असाच प्रस्ताव युद्ध सुरू झाल्यावर गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिलेल्या डेलावेअरपुढे ठेवला, जिथे १८०० हूनही कमी गुलाम उरले होते. पैसे घेऊन टप्प्याटप्प्याने त्यांना मुक्त करायलाही ते चिमुकले राज्य तयार झाले नाही. वाटाघाटींतून मिटले असते म्हणणाऱ्यांनी डेलावेअरचे काय करायचे ते सांगावे.

१८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तो त्यांनी कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्यासाठी दाखवलेल्या औदार्याबद्दल आणि स्वार्थत्यागाबद्दल. आपल्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांच्या बाबतीत तो कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी त्यात व्यक्त केली. पुण्यात बसून त्यांनी दाद दिली ती मध्यममार्ग शोधणाऱ्या क्लेंना आणि वेबस्टरांना नव्हे. ते लिहीत होते त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसच्या सभागृहात कृष्णवर्णीय प्रतिनिधी बसू लागले होते आणि दक्षिणेत मुक्त झालेले लोक मतदान करीत होते. चारच वर्षांनी, १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा वाद चिघळला असता, दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांमध्ये पुन्हा एक समझोता झाला, बराचसा अलिखित. रदरफर्ड हेझ एका मताच्या फरकाने, १८५ विरुद्ध १८४, अध्यक्ष झाले आणि दक्षिणेतल्या राज्यसरकारांना आधार देणारे केंद्राचे सैनिक मागे घेण्यात आले. त्यानंतर धाकदपटशा, मतदान कर आणि वाचन-परीक्षा यांच्या जोरावर कृष्णवर्णीयांची मते एकेका राज्यात हिरावली गेली, आणि तो हक्क केंद्राच्या कायद्याने खऱ्या अर्थाने परत मिळायला १९६५ साल उजाडावे लागले. १८७७ च्या त्या बैठकांनाही ज्यांची मते पणाला लागली होती त्यांच्यापैकी कोणाला बोलावलेले नव्हते.